चोरीस आणि चोरी

एअर फ्रायर नावाचे यंत्र आपल्या जुन्या घरांत शिरले ते पथ्याच्या निमित्ताने. डॉक्टरांनी तळण बंद केलेल्या वडीलधाऱ्यांना साबुदाण्याचा वडा खाता यावा, बटाट्याचे काप थेंबभर तेलात कुरकुरीत व्हावेत, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा होती. ते काम ते बऱ्यापैकी करते. (पापड मात्र त्यात घालू नये, आतल्या वाऱ्याने तो उडतो आणि वरच्या तापलेल्या तारेला जाऊन चिकटतो.) परंतु अलीकडे या यंत्राने आणखी एक काम अंगावर घेतले आहे आणि त्याविषयी चारचौघांत बोलायला कोणी राजी नसते. ज्या घरांत मटणाची भांडी अजून वेगळ्या फडताळात राहतात, सोमवार-एकादशी कसोशीने पाळल्या जातात आणि डुकराचे नाव पानावर बसल्यावर कोणी काढत नाही, त्या घरांच्या उंबऱ्याआत या यंत्राने सॉसेज आणले आहे.

ते येते बेळगावहून. बेळगावला गेलेल्या माणसाने येताना कुंदा आणि मांडे आणावेत हा आपल्याकडचा जुना दंडक. तो अजून पाळला जातो. पण हल्ली पिशवीच्या तळाशी, वर्तमानपत्राच्या दोन-तीन घड्यांत गुंडाळलेले आणखी एक पुडके असते. ते कॅम्पातल्या दुकानातून घेतलेले असते. त्यात कधी गोव्याच्या चोरीसची लालभडक माळ निघते, तर कधी जर्मन धर्तीच्या ब्राटवुर्स्टचे गोठवलेले पाकीट. निपाणीला गाडी चहासाठी थांबली की कुंद्याचा डबा मागच्या काचेशी उन्हात राहतो. हे पुडके मात्र सावलीत सरकवले जाते. जीव कशात गुंतला आहे ते तेवढ्यावरून कळते.

चोरीस हा शब्द पोर्तुगीज ‘शोरिसो’वरून आला आहे. मराठीतल्या चोरीशी त्याचा काडीचाही संबंध नाही. तो संबंध आपल्या घरांनी जोडून दिला. माझी तक्रार खाण्याविषयी नाही, या लपवण्याविषयी आहे. आणि लपवण्यापायी पदार्थही बिघडतो, म्हणून ती जास्त आहे.

एका परिचिताच्या वाड्यात हे यंत्र स्वयंपाकघरात नाही, माजघरात तर नाहीच नाही. ते जिन्याखाली इस्त्रीच्या टेबलावर आहे. थोरल्या आईसाहेबांनी सूनबाईंना एवढेच बजावले होते, “ते तुमचं हवेचं यंत्र चुलीपासून लांब ठेवा, आणि त्यात काय घालता ते मला विचारायची वेळ आणू नका.” हे ऐकून त्या बाईंच्या मुत्सद्देगिरीचे मला कौतुकच वाटले. परवानगी दिली नाही आणि बंदीही घातली नाही. पूर्वी परसातली तीन दगडांची चूल जे काम करीत असे, ते आता पंधराशे वॉटची पेटी जिन्याखाली करते. फरक असा की परसातल्या चुलीभोवती चार माणसे जमत, पातेल्यात डोकावत, मिठाची चव कोणी घ्यायची यावरून भांडत. पेटीभोवती कोणी जमत नाही. ती झाकलेली असते, घंटी वाजेपर्यंत तिच्याकडे बघायचेही नसते.

आता या पेटीचे खरे स्वरूप पाहू. नावात तळणे असले तरी ती काही तळत नाही. वर विजेची तार, तिच्यावर पंखा, खाली भोकांची टोपली. पंखा तापलेली हवा जोराने टोपलीतून फिरवतो आणि पदार्थाच्या पृष्ठभागावरचे पाणी झपाट्याने उडवतो. पृष्ठभाग कोरडा झाला आणि साधारण १४० अंशांच्या वर गेला की त्याला तांबूस रंग आणि भाजल्याचा खमंग वास येतो. थोडक्यात, ही लहानशी, वारा घातलेली भट्टी. फ्रेड फान डेर वेइज या डच गृहस्थांच्या कल्पनेवरून फिलिप्स कंपनीने हे यंत्र २०१० साली बर्लिनच्या प्रदर्शनात प्रथम मांडले. म्हणजे सॉसेजच्या माहेरीच त्याचे बारसे झाले म्हणायचे!

आणि ब्राटवुर्स्टला हे यंत्र खरोखर मानवते, हे कबूल केले पाहिजे. ब्राटवुर्स्ट हे ताज्या मांसाचे सॉसेज. त्यातले ‘ब्राट’ म्हणजे बारीक केलेले मांस; भाजणे या अर्थाच्या जर्मन क्रियापदाशी त्याचे मूळ नाते नाही, असे भाषाकोविद सांगतात. मीठ, मिरे, जायफळ, ओवा-जिऱ्याच्या कुळातले एखादे बी, एवढाच मसाला. थुरिंगिया प्रांतातल्या आर्नस्टाट गावच्या एका मठाच्या हिशेबात १४०४ साली ब्राटवुर्स्टसाठी आतडी विकत घेतल्याची नोंद आहे. आपल्याकडे तेव्हा बहमनींचे राज्य होते. न्यूरेंबर्गचे ब्राटवुर्स्ट बोटभर लांब, वीस-पंचवीस ग्रॅमचे. ते इतके लहान का, याची तिथे एक दंतकथा सांगतात. खाणावळी बंद करण्याची वेळ टळून गेल्यावर किल्लीच्या भोकातून ते गिऱ्हाइकाला देता यावे म्हणून! चोरून खाण्याची परंपरा केवळ आपलीच नाही, एवढा दिलासा त्यातून घ्यायला हरकत नाही.

ज्यांना हे सॉसेज करायचेच आहे त्यांनी ते नीट करावे. पाकिटावर ते कच्चे आहे की आधी शिजवलेले, हे प्रथम वाचावे. गोठवलेले असेल तर आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात उतरवून ठेवावे. टोपलीत एकमेकांना चिकटू देऊ नये. १८० अंशांवर बारा ते पंधरा मिनिटे, मध्ये एकदा उलटायचे. काट्याने टोचण्याचा मोह आवरावा. टोचले की रस खाली गळतो आणि हातात भुसा उरतो. घाई करून २०० अंशांवर नेले तर साल तडकते. कच्च्या डुकराच्या मांसाच्या बाबतीत आतला मध्य ७१ अंशांपर्यंत गेलाच पाहिजे. यात आवडीनिवडीला जागा नाही. अर्धवट शिजलेल्या डुकराच्या मांसातून पोटात जंत जातात, आणि ही भीती आपल्या आज्यांची निव्वळ सोवळ्याची भीती नव्हती.

पण हेच यंत्र जेव्हा आपण चोरीसला लावतो, तेव्हा मात्र अन्याय होतो. चोरीस हा भाजण्याचा पदार्थ नाही. डुकराचे मांस आणि चरबी यांचे हाताने केलेले तुकडे, मीठ, लाल मिरची, लसूण, आले, जिरे, हळद, माडीचा शिरका, कोणी त्यात चमचाभर फेणी घालतो. हे मिश्रण मुरवून आतड्यात भरायचे, दोऱ्याने मण्यामण्यांवर बांधायचे, कडक उन्हात वाळवायचे, चुलीवरच्या धुरात टांगायचे. उन्हाळ्यात केलेली ही माळ पावसाळ्यात, मासेमारी बंद असताना, कामाला येते. आपल्याकडच्या सांडग्या-पापडांच्या वाळवणाचीच ही भावंडे, फक्त जात वेगळी. त्यातली चरबी ही त्याची फोडणी असते आणि शिरका-मिरचीने माखलेला तो तांबडा रस हाच त्याचा रस्सा. जाड बुडाच्या भांड्यात घोटभर पाण्यावर मंद आच दिली की चरबी हळूहळू सुटते, त्यात भरपूर कांदा पडतो, कांदा तो रस पितो, बटाट्याच्या फोडीही पितात, आणि शेवटी पाव पितो. पेटीत काय होते? गरम वाऱ्याने साल वाळून चामडे होते, आणि सगळी चरबी, म्हणजे सगळी चव, टोपलीच्या भोकांतून खालच्या तबकात जाऊन बसते. मग ते तबक मोरीत रिकामे करायचे आणि वर उरलेले लाल खडे चावत बसायचे! आमच्या कोल्हापुरात कोणी तांबडा रस्सा गटारात ओतून कोरडे मटण पानात वाढले तर पंगत उठेल. चोरीसच्या बाबतीत आपण नेमके हेच करतो आणि त्याला आरोग्य म्हणतो.

शिवाय ज्या लपवण्यासाठी ही सारी खटपट, तेही साधत नाही. यंत्राला मागे जाळी असते आणि आतली हवा तिच्यातून बाहेर पडते. ब्राटवुर्स्टचा वास सौम्य, तो जिन्याखाली विरतो. शिरका, लसूण आणि मिरची यांचा वारा मात्र जिना चढून थेट देवघरापर्यंत जातो, आणि थोरल्या आईसाहेब जपाची माळ ओढता ओढता ठसकतात.

आपल्या घरांना डुकराचे वावडे मुळात होते का, हाही प्रश्न आहे. सरदार-जहागीरदारांच्या घरांत रानडुकराची शिकार आली की वाड्यात दिवाळी असे. खुद्द शाहू छत्रपतींना भाल्याने रानडुक्कर मारण्याच्या शिकारीचा नाद होता. ते मांस परसात पुरुषांच्या हाताखाली शिजे आणि त्यात कमीपणा कोणी मानीत नसे. १९७२च्या वन्यजीव कायद्याने ती शिकार संपली. रानातले डुक्कर पराक्रमाचे आणि गावातले विटाळाचे, ही विभागणी प्राण्याच्या खाण्यावरून झाली असे सांगतात. त्यात तथ्य आहेच, गावडुक्कर काय खाते ते सर्वांना ठाऊक आहे. पण ती विभागणी पाळणाऱ्या माणसांवरूनही झाली, हे आपण सांगत नाही. गावडुक्कर पाळीत कोण? वडार, कैकाडी, गावाबाहेरची माणसे. त्यांच्या पालापुढे चूल पेटली की आपण नाकाला पदर लावून पुढे जात होतो. तेच मांस आज पुठ्ठ्याच्या खोक्यातून, जर्मन नाव लावून, उणे अठरा अंशांच्या थंडीतून आले की त्याचा विटाळ कुठे जातो? थंडीने जंतूंची वाढ थांबते हे मी ऐकले आहे. विटाळही गोठतो हे नवीनच!

बाराव्या शतकात या प्रांतावर ज्याची सत्ता होती, त्या कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने इ. स. ११२९च्या सुमारास ‘मानसोल्लास’ लिहिला. कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण. राजाने राजभोजनाचे वर्णन करताना रानडुक्कर कसे सोलावे, त्याचे केस गरम पाण्याने वा गवताच्या जाळाने कसे काढावेत, हे सविस्तर सांगितले आहे. आतड्यात सारण भरून ती निखाऱ्यावर भाजण्याचा प्रकारही त्यात आहे. आणि त्याच ग्रंथात मंडक आहेत, तापलेल्या खापरावर भाजलेले, बेळगावच्या मांड्यांचे पूर्वज. राजाच्या एकाच पानात मांडे आणि भरलेले आतडे शेजारी-शेजारी बसत होते. आपल्या पिशवीत आजही ते शेजारीच असतात. फक्त एक वर आणि एक वर्तमानपत्राखाली.

बाटण्याच्या भीतीला इतिहास आहे, तो मी नाकारत नाही. विहिरीत पाव टाकून गावेच्या गावे बाटवल्याच्या कथा कोकण-गोव्यातून घाटावर आल्या आणि पावाचे नाव घरात कोणी काढीनासे झाले. पुण्यात १८९०मध्ये पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे पुढे आली, पुढे नावांची यादी वर्तमानपत्रात छापून आली, आणि रानडे-टिळकांसारख्या माणसांना प्रायश्चित्ताच्या प्रकरणातून जावे लागले. आज त्याच पावाशिवाय कोल्हापूरची मिसळ पुरी होत नाही आणि चहाशिवाय श्राद्धाचे भटजीही उठत नाहीत. जिच्याशिवाय तांबडा रस्सा तांबडा होणार नाही, ती मिरची या देशात आणली पोर्तुगीजांनीच. मिरची आपण सोयरिकीत घेतली आणि त्याच पोर्तुगीजांचे चोरीस दारात थांबवले. निपाणीहून बेळगावला जाताना संकेश्वर लागते. तिथल्या मिरचीचे नाव काढले की आपली छाती फुगते. ती आपलीच, नव्हे का!

गंमत अशी की जर्मन माणसे या मुलुखाला अपरिचित नव्हती. बाझेल मिशनची जर्मन-स्विस मंडळी १८३०च्या दशकात धारवाड-हुबळीला आली. त्यांच्या कारखान्यांतून मंगळुरी कौले निघाली आणि ती बेळगाव-निपाणीच्या घरांवर चढली. त्यांच्यातल्याच फेर्डिनांड किट्टेल यांनी कन्नड भाषेला १८९४ साली मोठा कोश दिला. कौले राहिली, कोश राहिला. त्यांच्या ब्राटवुर्स्टने मात्र इथे मूळ धरले नाही. मूळ धरले ते गोव्याच्या चोरीसने, कारण ते घेऊन आलेली माणसे इथेच राहिली. बेळगाव-खानापूर भागातली कोकणी ख्रिस्ती कुटुंबे काही काल-परवाची नाहीत. जेझुइटांचे सेंट पॉल्स हायस्कूल १८५६चे आहे. बेळगावचे स्वतंत्र धर्मप्रांत १९५३मध्ये झाले. त्या हायस्कुलात मुले घालायला आपल्या जुन्या घराण्यांना कधी संकोच वाटला नाही. पाद्र्याचे इंग्रजी चालले. पाद्र्याच्या शेजाऱ्याचे जेवण तेवढे चालले नाही.

आणि इथेच मला ही गोष्ट केवळ खाण्याची वाटत नाही. १९५६च्या १ नोव्हेंबरला बेळगाव-निपाणी म्हैसूर राज्यात गेले, तेव्हापासून ‘बेळगाव आपले’ हे वाक्य आपण तीन पिढ्या म्हणत आलो. १९६७च्या महाजन अहवालाने ते थांबले नाही; २००४मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला; २०१४मध्ये शहराचे सरकारी नाव बेळगावी झाले, तरी आपल्या तोंडी बेळगावच राहिले. मी त्या वाक्याच्या बाजूचा आहे. पण ते म्हणताना आपण जे बेळगाव डोळ्यांपुढे आणतो, त्यात कुंदा असतो, मांडे असतात, नाटके आणि ग्रंथसंग्रहालये असतात. कॅम्पातली बेकरी आणि तिच्या शेजारच्या दुकानात टांगलेली लाल माळ त्यात नसते. चोर्ला घाटातून बेळगावची भाजी रोज गोव्यात उतरते आणि त्याच वाटेने गोव्याची माणसे सणासुदीच्या खरेदीला वर येतात. त्या वाटेचे बेळगाव आपण हिशेबात धरत नाही. ज्याचे अर्धे जेवण आपण वर्तमानपत्रात गुंडाळून आणतो, त्या गावावर आपला हक्क सांगताना आवाज थोडा तरी कापायला हवा.

शाहू महाराजांची एक गोष्ट कोल्हापुरात प्रत्येकाला पाठ असते. गंगाराम कांबळे यांनी महाराजांच्या पाठबळाने ‘सत्यसुधारक’ हॉटेल काढले. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला गावातले कोणी फिरकेना. महाराज गाडी थांबवून, भर रस्त्यात, लोकांच्या देखत तो चहा पीत. त्यांना चहा राजवाड्यावर मागवता आला असता. जिन्याखालीही पिता आला असता. आपण त्या गोष्टीवर व्याख्याने देतो आणि घरी येऊन चोरीस पेटीत टाकून झाकण लावतो.

ज्यांना खायचे नाही त्यांनी खाऊ नये. माझ्या स्वतःच्या घरात निम्मी माणसे खात नाहीत आणि त्यांच्या पानाला कोणी धक्का लावीत नाही. वेगळे भांडे ठेवायचे असेल तर तेही ठेवावे. व्रत हे व्रत आहे. पण जे खातात त्यांनी ते भांडे शेगडीवर ठेवावे, नाव घेऊन ठेवावे, आणि पाहुण्याने विचारले तर सांगावे.

कृती सोपी आहे. माळेतले आठ-दहा मणी दोरा कापून सोडवावेत. आवडत असेल तर साल काढून आतले मांस मोकळे करावे. जाड बुडाच्या पातेल्यात अर्धी वाटी पाणी घालून ते झाकण ठेवून मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटे शिजू द्यावेत. शिरक्याची वाफ डोळ्यांत जाते, म्हणून झाकण उघडताना तोंड बाजूला घ्यावे. पाणी आटून तांबडी चरबी वर आली की चार मोठे कांदे उभे चिरून घालावेत, हवा असल्यास एक बटाटा. मीठ घालू नये, ते आत भरपूर असते. तेलही घालू नये. कांदा मऊ होऊन लाल झाला की झाले. कोल्हापुरात पोई मिळत नाही. मिसळीचा पाव चालतो. त्याच्याबरोबर ब्राटवुर्स्ट करायचे असेल तर ते खुशाल यंत्रात करा, पण यंत्र जिन्याखालून उचलून शेगडीच्या शेजारी आणा. दोन्ही एकदम पानात पडतील.